चारातला तिसरा ठोका

१

मी थापाड्या आहे, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. माझं चष्म्यांचं दुकान. नंबर तपासताना गिऱ्हाईक यंत्रावर हनुवटी टेकवून बसतं, त्याला हलता येत नाही, आणि हलता न येणाऱ्या माणसाला गोष्ट सांगण्यासारखं सुख नाही. एका निवृत्त मास्तरांना मी सांगितलं होतं, की माझ्या आजोबांचे दोन डोळे एकमेकांशी बोलत नसत. मास्तरांनी हनुवटी न उचलता विचारलं, “भांडण कशावरून झालं होतं?”

ही वही मात्र थापांची नाही. ही गाडीच्या दुखण्याची वही आहे, आणि मेकॅनिकने ठेवायला लावली म्हणून ठेवली आहे.

गाडी डिझेलची, वापरलेली, धुरकट राखाडी रंगाची. विकणारा माणूस माझ्याच वयाचा, सभ्य, इस्त्रीचा सदरा घातलेला. घर मोठं आणि स्वच्छ. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या, त्यातल्या तीन उलट्या करून टेबलावर ठेवलेल्या. “एवढी चांगली गाडी का काढताय?” मी विचारलं. “घरात माणसं कमी झाली,” तो म्हणाला. “मोठी गाडी कशाला.” बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. किल्ली दिली तीही माझ्या खांद्यामागच्या भिंतीला दिल्यासारखी. तिरळा असेल, म्हणून मी मनातल्या मनात त्याचा नंबर काढून मोकळा झालो.

बायको घरी शिवणकाम करते. गाडी आल्या दिवशीच तिने आपली जागा ठरवली. मागे, डावीकडे, मांडीवर कापडाचं गाठोडं. पुढे बस म्हटलं तर म्हणाली, “तुम्ही रस्त्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघता. पुढे बसलं की ते दिसतं. मागे बसलं की निदान मरताना कळणार तरी नाही.”

साडूभाऊ गाडी बघायला आले. माझ्या मेव्हणीचे यजमान. जगात असा विषय नाही की ज्यातलं त्यांना कळत नाही. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, “डिझेल म्हणजे म्हातारा सासरा, साडूभाऊ. उठायला वेळ, उठला की खोकला, आणि घराबाहेर काढायची सोय नाही.”

ते खरंच निघालं याचा राग जास्त आला. सकाळी चार-चार वेळा सेल्फ मारावा लागे. मग पांढरा धूर. मग सिग्नलला उभं राहिलं की गाडी अशी थरथरे, की आरशातली बायको दोन-दोन दिसे.

मेकॅनिकला सगळे कानसेन म्हणतात. संगणकाची वायर जोडायच्या आधी तो हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर काढतो, टोक इंजिनाला लावतो, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटतो. मलाही त्याने तसं ऐकवलं. आत एक सबंध कारखाना चालला होता. “मोजा,” तो म्हणाला.

ठक. ठक. मग काहीच नाही. मग ठक.

“चार सिलिंडर, चार ठोके,” कानसेन म्हणाला. “तिसरा खातेय. घरी वही करा. दुखणं केव्हा झालं, कसं झालं, गाडीत कोण होतं, सगळं लिहा. तारीख नको, तारखेवरून मला काही कळत नाही. नंबर घाला. आणि एकही गाळू नका.”

चष्मेवाल्याला नंबर गाळू नका सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण मी हो म्हटलं.

२

कानसेन सोप्याकडून अवघडाकडे जातो. आधी डिझेलचा फिल्टर काढला. त्यात निम्मं पाणी. नवा घातला. पाइपात हवा धरली होती, ती पंप दाबून दाबून बाहेर काढली. इंजिन थंड असताना आतून ऊब देणारे चार ग्लो प्लग असतात, त्यांतले दोन मेले होते. तेही बदलले. गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू व्हायला लागली, धूर गेला. तिसरा ठोका काही परत आला नाही.

मग त्याने सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना चार छोट्या बाटल्या लावल्या. आजारी इंजेक्टर डिझेल नीट पीत नाही, जास्तीचं परत ओकतो, त्याची बाटली लवकर भरते. आम्ही दोघं उकिडवे बसून बाटल्यांकडे बघत होतो. चारही सारख्या भरल्या, थेंबाचा फरक नाही.

“आता आलटून पालटून,” कानसेन म्हणाला. त्याने तिसऱ्यातला इंजेक्टर काढून पहिल्यात बसवला, पहिल्यातला तिसऱ्यात. “दोष पहिल्याकडे गेला, तर वस्तू वाईट. तिथेच राहिला, तर जागा वाईट. यापलीकडे आमच्या धंद्यात काही नाही.”

मला हे फार आवडलं. आमच्या धंद्यातही तेच. ही काच बरी की ती? आता? आणि आता?

दोष तिथेच राहिला. म्हणजे जागा वाईट. त्याने जागाही तपासली, तिसऱ्या सिलिंडरचा दाब मोजला. दाब उत्तम. वस्तू चांगली, जागा चांगली, आणि ठोका नाही. कानसेनने कपाळाला हात पुसला, तिथे काळा पट्टा उमटला.

“मी ऐकू का जरा?” मी विचारलं.

या खेपेला मी बराच वेळ ऐकलं. कानामागे मूठ, डोळे मिटलेले. गोष्ट ऐकताना आपण पुढच्या वाक्याची वाट बघतो, तशी मी त्या तिसऱ्याची वाट बघत राहिलो. ठक, ठक, आणि ती रिकामी जागा. थोड्या वेळाने ती रिकामी राहिली नाही. आवाज आला नाही, तरी ती भरली. हे मला याहून नीट सांगता येत नाही. तिथे कोणीतरी श्वास धरून उभं असावं, तसं वाटलं.

आणि एकदम चारही ठोके लागले. गाडी शहाण्या मुलासारखी गुरगुरायला लागली.

कानसेनने माझ्या हातून स्क्रू ड्रायव्हर घेतला, स्वतः ऐकलं. “काय केलंत?”

“त्याला गोष्ट सांगितली.”

तो हसला नाही. “आपोआप गेलेलं दुखणं गेलेलं नसतं,” म्हणाला. “हललेलं असतं. वही चालू ठेवा.”

घरी आलो तेव्हा दुपार होती. जिना चढतानाच बायकोच्या मशीनचा आवाज आला. आमच्या घराची ती नाडीच आहे. मी किल्ली दाराला लावली आणि तसाच उभा राहिलो.

टक. टक. मग काहीच नाही. मग टक.

४

बटणाची गोष्ट वर सांगितलीच आहे, त्यामुळे बायको शिवणाच्या बाबतीत किती हट्टी आहे ते वेगळं सांगायला नको. तिने मशीन टाके गाळतंय म्हटल्यावर सुई बदलली. मग दोरा बदलला. मग सगळं खोलून तेलपाणी केलं. शिवण हातात घेऊन मला दाखवली, “हे बघा, दोन टाके, एक गाळलेला, एक टाका. दोन, गाळलेला, एक. मशीन बिघडलं तर कसंही बिघडेल ना? असं मोजून कसं बिघडेल?”

मी शेजारणीच्या मशीनवर शिवून बघायला सांगितलं. आलटून पालटून. शेजारीण आमच्या मशीनवर बसली, टाके एकसारखे पडले. बायको शेजारणीच्या मशीनवर बसली, तिसरा गळाला.

म्हणजे वस्तू वाईट. मी हे मनात म्हटलं आणि जीभ चावली. वस्तू कोण, ते लक्षात आलं.

त्यानंतर मला दुसरं काही ऐकू येईना. ती जिना चढायची, पायरी, पायरी, काही नाही, पायरी. भाजी चिरायची, तेच. मी वर्तमानपत्र धरून बसायचो आणि मोजायचो. तिला स्वतःला ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. एकदा म्हणाली, “दूध उतू गेलं. मी समोर उभी होते. गेलं कसं?” एकदा बाजारातून आली आणि पिशवी न ठेवताच म्हणाली, “मी रांगेत पुढे होते. दुकानदाराने माझ्या मागच्या बाईला विचारलं, काय हवंय. मी म्हटलं, मी आहे इथे. तो म्हणाला, अरेच्चा, तुम्ही कधी आलात?”

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, ईसीजीची पट्टी काढली, आणि म्हणाले, “एखादा ठोका सगळ्यांचाच चुकतो हो. चांगलं झोपा.” मी विचारलं, दर चारातला एक? ते माझ्याकडे बघून हसले. त्यांनाही मी पूर्वी काहीतरी सांगितलेलं होतं.

परत येताना ती मागे डावीकडे बसली होती. सिग्नलला गाडी थांबली, इंजिन कसं गुळगुळीत चाललेलं. मी आरशात बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. एक. दोन.

मागची सीट रिकामी होती. पट्टा मात्र होता. लावलेला, ताणलेला, छातीच्या उंचीवर हवेत तिरपा, मध्ये बाई असावी तसा फुगलेला. चार. ती खिडकीबाहेर बघत होती.

पापणी मिटते ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात. प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो, त्यात माणसाचं अख्खं डोकं मावतं. हे मी रोज लोकांना समजावतो. सिग्नल सुटेपर्यंत मी हेच स्वतःला समजावत होतो, आणि समजावता समजावता पुन्हा मोजत होतो.

“काय बघताय?” ती म्हणाली.

“काही नाही.”

“मग पुढे बघा.”

मी पुढे बघितलं नाही. एकवीस वर्षं मी तिला गृहीत धरलं होतं. आता एक डोळा तिच्यावरून काढायची भीती वाटत होती.

५

पुढचं लिहायला मला लाज वाटायला हवी. वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

घरात करून बघायच्या सगळ्या चाचण्या झाल्या होत्या. गाडीतली एक राहिली होती. दुखणं गाडीतून आलं, आणि बायको गाडीत एकाच जागी बसत आली. जागा वाईट असली तर तिथे दुसरं कोणी बसवायचं. त्याला लागलं, की बायको मोकळी. आता दुसरं कोण, यावर मी फार विचार केला असं म्हटलं तर ती थाप होईल. पहिलं नाव साडूभाऊंचं आलं, आणि मी दुसरं शोधलं नाही.

फोन केला. “साडूभाऊ, गाडीत मागून काहीतरी वाजतंय. मेकॅनिकला कळत नाही.”

“मेकॅनिकला काय कळणार? मी येतो.”

“मागे डावीकडे बसलं की ऐकू येतं म्हणतात. पण कान पाहिजे.”

“कान आपल्याकडे आहे.”

“म्हणून तर.”

रविवारी सकाळी आले. नवे बूट, हातात वही-पेन. बायकोला मी पुढे बसवली. ती कुरकुरली, पण बसली. साडूभाऊ मागे डावीकडे ऐसपैस बसले, पट्टा मीच लावून दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांची एवढी सरबराई केली.

“वेग वाढवा,” ते म्हणाले. “आता कमी करा. हं. हे काय आहे माहितीये? सस्पेन्शन.”

“असं?”

“डोळे मिटून सांगतो.”

“मिटा ना.”

त्यांनी मिटले. मी आरशात बघितलं, आणि बघतच राहिलो. रस्ता सरळ होता, रिकामा होता. कारखान्यांच्या लांब भिंती, मध्ये एखादा बंद दरवाजा. मी एक, दोन मोजायचो, तिसऱ्याला श्वास धरायचो. मैलभर काही झालं नाही. साडूभाऊ घट्ट होते, सिमेंटचे असावेत तसे. मी आणखी जोर लावून बघितलं. तुला लागू दे, असं मनात म्हटलं. हे शब्द मी म्हटले. गाळू नका म्हणाला होता कानसेन, म्हणून लिहितो.

एक. दोन. नव्या बुटांची जोडी खाली, गुडघ्याच्या जागी हवा, पट्टा तिरपा. पेन सीटवर पडताना दिसलं. चार.

“पेन पडलं वाटतं,” साडूभाऊ डोळे उघडून म्हणाले.

मला इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं. लागलं. जागा वाईट होती. बायको सुटली. हे तिला कसं सांगावं म्हणून मी शेजारी वळलो.

एक. दोन.

तिच्या जागी पट्टा होता, आणि मांडीवरचं गाठोडं हवेत बसलं होतं. या खेपेला मला पाच, सहा, सात मोजता आलं.

“अहो, समोर बघा,” तिचा आवाज आधी आला. मग ती आली.

६

कानसेनला मी वही दाखवली. त्याने गॅरेजच्या दारात उभं राहून सगळी वाचली. मला वाटलं, हसेल. त्याने वही मिटली आणि विचारलं, “दोष दोन्हीकडे आला?”

“दोन्हीकडे.”

“मग ना वस्तू, ना जागा.” तो हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरही. “आलटून पालटून दोन्ही सिलिंडर खायला लागले, तर आम्ही इंजेक्टर सोडून देतो. सगळ्यांना जे एकाच ठिकाणाहून जातं, तिथे बघतो.”

“पंप.”

“पंप चांगला आहे. मी स्वतः खोलून बघितलाय.” मग तो म्हणाला, “दोन्ही वेळेला बघत कोण होतं?”

त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला, टोकाला फडकं गुंडाळलं, आणि माझ्या छातीला टेकवला. मूठ कानामागे, डोळे मिटलेले. गॅरेजमध्ये हवेचा पंप चालू होता, तो मध्येच बंद पडला. मग फार शांत झालं.

कानसेन किती वेळ ऐकत होता, सांगता येत नाही. त्याचा चेहरा हळूहळू ढिला पडला, झोपलेल्या माणसाचा पडतो तसा. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, आणि माझ्याकडे पाठ केली.

“काय ऐकलंत?”

“गाडी घेऊन जा.”

“चारही आहेत ना?”

“चार?” तो भिंतीकडे बघून म्हणाला. “घरच्यांकडे बघू नका. त्यांचं ऐकू नका, मोजू नका. आणि माझ्याकडेही वळून बघू नका, मला दोन मुली आहेत.”

तेव्हा मला तो इस्त्रीच्या सदऱ्याचा माणूस आठवला. तो तिरळा नव्हता.

आज आठवा दिवस. मी बायकोकडे बघितलेलं नाही. जेवताना ताटात बघतो, बोलताना कॅलेंडरकडे. ती मशीनवर बसली की कानात कापूस घालतो. साडूभाऊंचे फोन येतात, त्यांना मात्र काय करणार? त्यांच्या बोलण्यातला शब्द गळतो, दर चारातला तिसरा. “तुमच्या गाडीत ... आहे. मला आतून ... वाटतं. आरशात मी ... नसतो.” क्रूर वाटेल, पण ते पहिल्यांदाच थोडक्यात आणि मुद्द्याचं बोलत होते. काल फोन वाजला, उचलला, तर नुसता श्वास. तोही सलग नव्हता.

बायको बरी होते आहे की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. कळायचं तर बघावं लागेल.

आता ती माझ्यासमोर येऊन बसली आहे. मी हे लिहितो आहे म्हणजे मला खाली बघायला निमित्त आहे. ती म्हणते आहे, “आठ दिवस झाले. माझं काय चुकलं ते तरी सांगा.”

तुझं काही नाही, मी वहीला सांगितलं.

“दुकानदाराला मी दिसत नाही. शेजारीण काल माझ्या अंगावरून पुढे गेली. माझी सख्खी बहीण फोनवर म्हणते, कोण बोलतंय. मला वाटलं, जाऊ दे, घरी एक माणूस आहे जो माझ्याकडे बघतो. तुम्हाला पहिल्यापासून माणसांकडे टक लावून बघायची खोड आहे, मला तर बघूनच पसंत केलं. आता तुम्हीही बघत नाही. मग मी आहे कुठे?”

तिचा आवाज कापसातूनही येतो आहे. मी मोजत नाही. मी मोजत नाही.

“एकदा बघा,” ती म्हणते आहे. “एकदाच. मग नका बघू.”

तिने वहीवर हात ठेवला आहे. पुढे लिहिता येत ना

८

ही वही काल गाडीच्या कप्प्यात सापडली. कागदपत्रं काढत होतो, गाडी विकायची आहे म्हणून. अक्षर माझंच. वाचायला बसलो आणि दुकान उघडायला तासभर उशीर झाला. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण एवढी लांब, एवढी बेमालूम थाप मी कधी लिहिली, मलाच आठवेना. बायको काय, साडू काय. मी पडलो सडाफटिंग. त्या बाईचं शिवणाचं मशीन आणि बोलण्याची ढब तर अशी उतरली आहे, की एका ठिकाणी मला चक्क हुंदका आला. स्वतःच्या थापेला फसणारा मी पहिलाच थापाड्या असेन.

कानसेनला विचारावं म्हणून फोन लावला. मुलीने उचलला, म्हणाली, बाबा तुमच्याशी बोलणार नाहीत, आणि ठेवला.

गोष्ट बेतताना मी नंबर गाळलेत, तेही ऐटीत. दोन नंतर चार, सहा नंतर आठ. हा आठ मी आता घातला, हात आपोआप गेला. पान फाटलेलं नाही. दोन संपतो त्याच्या खालच्याच ओळीवर चार सुरू होतो, शाई तीच. चौथ्यात लिहिलंय, ‘बटणाची गोष्ट वर सांगितलीच आहे.’ वर कुठेच नाही. तीनदा शोधली. काय असेल बटणाची गोष्ट? माझ्या एका पांढऱ्या सदऱ्याला चौथं बटण लाल आहे, हे खरं. ते लाल का, हे विचारायला घरात कोणी नाही.

मशीनही आहे घरात. आधीच्या भाडेकरूचं असावं. सदऱ्यांच्या शिवणी उलटून बघितल्या, गंमत म्हणून. दोन टाके, एक गाळलेला, एक टाका. ओढून बघितलं, उसवत नाही. ज्याने कोणी शिवलंय, घट्ट शिवलंय.

दुपारी एका बाईचा फोन आला. आवाज थकलेला. म्हणाली, “तुमचा नंबर माझ्याकडे ‘भावोजी’ म्हणून लिहिलाय. तुम्ही कोण?” मी म्हटलं, मला मेव्हणी नाही. ती म्हणाली, मलाही बहीण नाही. दोघंही हसलो. मग ती म्हणाली, “आमच्याकडे पुरुषाच्या नव्या बुटांची जोडी पडलीये, तुमची का?” मी म्हटलं, नाही हो. बराच वेळ दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही.

एक सांगायचं राहिलं. सहावा भाग जिथे तुटतो, तिथे शाई फिसकटली आहे. पंजाच्या आकाराची. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला. बसत नाही. लहान आहे तो.

आज सकाळी एक जोडपं गाडी बघायला आलं. नवं लग्न झालेलं असावं, अजून एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. नवऱ्याने बॉनेट उघडून बघितलं, सेल्फ मारला. अर्ध्या सेल्फमध्ये सुरू, धूर नाही, चारही ठोके मोत्याच्या सरीसारखे. “एवढी चांगली गाडी का काढताय, काका?” बायकोने विचारलं.

“घरात माणसं कमी झाली,” मी म्हटलं. “मोठी गाडी कशाला.” तोंडून असं का निघालं कोण जाणे. घरात मी एकटाच, पहिल्यापासून.

एक फेरी मारू या, म्हणाले. नवरा माझ्या शेजारी बसला. ती मागे बसली, डावीकडे. मोठमोठे डोळे, उजवा किंचित आळशी, एखादा सौम्य नंबर असणार. गोष्ट सांगायला फार चांगलं गिऱ्हाईक. तिने दार लावलं, पट्टा लावला.

मी आरसा सरळ केला.